तिसऱ्या पक्षाचा उमेदवार : एस. एम. जोशी यांच्या निवडणूक-कारकीर्दीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

निवडणुकांच्या अभ्यासात विजयी उमेदवाराकडे जितके लक्ष दिले जाते, तितके पराभूत उमेदवाराकडे दिले जात नाही. विजयी उमेदवार सभागृहात जातो, कायदे करतो, मंत्री होतो. त्याची नोंद सरकारी कागदपत्रांत राहते. पराभूताची नोंद मात्र मतांच्या एका आकड्यापुरती उरते. ज्या देशात एक पक्ष दीर्घकाळ सत्तेवर असतो आणि त्याच्या विरोधात लहानमोठे अनेक पक्ष उभे असतात, तेथे पराभूतांची संख्या फार मोठी असते. त्यांच्यातही एक विशेष वर्ग आढळतो. सत्ता जवळ दिसत नसतानाही असे उमेदवार एका विचाराच्या नावाने निवडणुकीमागून निवडणूक लढवीत राहतात, एकदा निवडून येतात, पुढे जागा गमावतात, आणि तरीही लोकमानसातील त्यांचे स्थान ढळत नाही. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने असे अनेक उमेदवार दिले. त्यांपैकी श्रीधर महादेव जोशी, अर्थात एस. एम., यांची कारकीर्द येथे विचारार्थ घेतली आहे.

प्रश्न असा की, ज्या माणसाच्या सचोटीविषयी त्याच्या विरोधकांनाही शंका नव्हती, ज्याने राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या जनआंदोलनाचे नेतृत्व केले, त्याला मतपेटीने इतक्या अनिश्चितपणे का वागविले? याची उत्तरे बहुधा दोन दिली जातात. एका पक्षाच्या मते मतदार कृतघ्न असतो. दुसऱ्याच्या मते समाजवादी पुढारी अव्यवहारी होते. या दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश असला, तरी ती अपुरी आहेत. उत्तराचा मोठा भाग निवडणूक-पद्धतीच्या गणितात आणि पाठिंब्याच्या भूगोलात सापडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. मते आणि जागा

आपल्याकडील पद्धती एकसदस्यीय मतदारसंघांची व साध्या मताधिक्याची आहे. (पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते, ती व्यवस्था पुढे १९६२ पूर्वीच बंद झाली.) या पद्धतीत निम्म्याहून अधिक मते मिळण्याची आवश्यकता नसते, इतर प्रत्येकापेक्षा एक मत अधिक असले की पुरे. पाच मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात शंभर मतदार आहेत, अशी कल्पना करू. एखाद्या पक्षाला पाचही ठिकाणी वीस-वीस मते मिळाली, तर त्याची एकूण मते शंभर होतात आणि जागा बहुधा एकही मिळत नाही. दुसऱ्या पक्षाला एकाच मतदारसंघात साठ मते मिळाली व अन्यत्र शून्य, तर मते साठच, पण एक जागा निश्चित. अधिक मते मिळविणारा पक्ष रिकाम्या हाताने परततो आणि कमी मतांचा पक्ष सभागृहात बसतो.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात या पद्धतीचे दोन परिणाम वेगळे करून दाखविले. पहिला यांत्रिक : तिसऱ्या पक्षाच्या मतांचे जागांत रूपांतर अपुरे होते. दुसरा मानसिक : आपले मत वाया जाईल या भीतीने मतदार तिसऱ्या पक्षाचा त्याग करून पहिल्या दोहोंपैकी कमी नावडणाऱ्या पक्षाकडे वळतो. पहिला परिणाम एका निवडणुकीत दिसतो; दुसऱ्याचा प्रत्यय पुढच्या निवडणुकीत येतो.

भारतातील समाजवाद्यांना पहिल्या परिणामाचा अनुभव पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आला. १९५१-५२ मध्ये लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. तिची मते सुमारे ४५ टक्के होती. समाजवादी पक्षाने २५४ उमेदवार उभे केले, १०.५९ टक्के मते मिळविली आणि त्याच्या पदरात १२ जागा पडल्या. मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या असत्या, तर हा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला असता. याउलट कम्युनिस्ट पक्षाने केवळ ४९ उमेदवार उभे केले, मते ३.२९ टक्के आणि जागा १६. समाजवाद्यांच्या एकतृतीयांशाहून कमी मतांत त्यांच्याहून अधिक जागा! कारण उघड आहे. कम्युनिस्टांनी जेथे पाय रोवले होते तेथेच ते लढले. समाजवादी मात्र आपण देशाचा पर्यायी पक्ष आहोत या भूमिकेतून सर्वत्र उभे राहिले.

या आकड्यांची १९६७ च्या आकड्यांशी तुलना केली असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या वर्षी संयुक्त समाजवादी पक्षाने लोकसभेसाठी १२२ उमेदवार उभे केले, ४.९२ टक्के मते मिळविली आणि २३ जागा जिंकल्या. देशभरातील मतांचे प्रमाण १९५२ च्या निम्म्याहून कमी, जागा जवळजवळ दुप्पट. उमेदवारांच्या संख्येने भागून ढोबळ हिशेब केला, तर लढविलेल्या जागांवरील सरासरी मते दोन्ही वेळा वीस-एकवीस टक्क्यांच्या आसपासच येतात. (१९५२ च्या द्विसदस्यीय मतदारसंघांमुळे हा हिशेब काटेकोर धरता येत नाही, हे अभ्यासकांनी लक्षात ठेवावे.) म्हणजे सरासरी उमेदवाराची लोकप्रियता फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते दोन घटक : पाठिंबा निवडक प्रदेशांत एकवटला होता, आणि काँग्रेसविरोधी पक्षांत अनेक ठिकाणी समझोते झाले होते. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या बिगरकाँग्रेसवादाचा हाच व्यावहारिक आशय होता.

३. एस. एम. यांची कारकीर्द

एस. एम. यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे झाला. शिक्षण पुण्यात झाले. १९२९ च्या पर्वती मंदिर-प्रवेश सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना झाली, त्या पिढीच्या महाराष्ट्रातील आघाडीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाच्या उभारणीत ते अग्रभागी होते आणि १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून त्यांनी कार्य केले. मार्च १९४८ मध्ये नाशिक येथील अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. एस. एम. आणि त्यांचे सहकारी यांच्या वाट्याला तिसऱ्या पक्षाचे भाग्य आले ते या निर्णयापासून.

१९५३ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्यानंतरच्या काळावर भाषिक राज्याच्या प्रश्नाची छाया पडली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एस. एम. तिचे सरचिटणीस झाले. समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरव्ही एकमेकांशी भांडणारे पक्ष एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत या ऐक्याचे फळ दिसले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली. पुण्यातून एस. एम. विधानसभेवर, तर त्यांचे निकटचे सहकारी ना. ग. गोरे लोकसभेवर गेले. राजापूरहून बॅ. नाथ पै, मुंबईतून श्री. अ. डांगे, ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेत पोचले. यांतील प्रत्येकाच्या विजयात अन्य पक्षांच्या अनुयायांची मते होती. मतविभागणी टळली की तिसरा पक्ष दुसरा होतो आणि प्रसंगी पहिलाही, हा धडा १९५७ ने दिला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. समितीचे जे साध्य होते ते सिद्ध झाले आणि त्याचबरोबर घटक पक्षांना बांधून ठेवणारा धागाही तुटला. राज्याची स्थापना यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रित्वाखाली झाली. आंदोलनाने जे मिळविले, त्याचे राजकीय श्रेय बव्हंशी सत्तारूढ पक्षाच्या खात्यावर जमा झाले. १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला ९ मिळाल्या. त्या निवडणुकीनंतर एस. एम. विधानसभेत नव्हते, आणि पुण्याची लोकसभेची जागाही समाजवाद्यांकडून काँग्रेसकडे गेली. पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. सिरसीकर यांनी याच निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला होता. मराठी प्रदेशातील निवडणूक-संशोधनाच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

यानंतर पक्षांतर्गत ऐक्य आणि फूट यांचे पर्व सुरू झाले. १९६३ मध्ये एस. एम. प्रजासमाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये त्या पक्षाचे लोहियांच्या समाजवादी पक्षाशी एकीकरण होऊन संयुक्त समाजवादी पक्ष निर्माण झाला आणि त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण १९६५ च्या आरंभी वाराणसीच्या अधिवेशनात पुन्हा फूट पडली, एस. एम. संयुक्त समाजवादी पक्षात राहिले, तर गोरे प्रजासमाजवादी पक्षात. आयुष्यभराचे दोन सहकारी दोन पक्षांत विभागले गेले. तरीही १९६७ च्या निवडणुकीत एस. एम. पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत पुण्याची जागा मोहन धारिया यांनी काँग्रेसतर्फे जिंकली आणि एस. एम. यांची लोकसभेतील कारकीर्द संपली. देशभरात त्या वेळी संयुक्त समाजवादी पक्षाला ३ आणि प्रजासमाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या.

१९७७ मध्ये जनता पक्ष केंद्रात सत्तेवर आला. समाजवादी पक्ष त्यात विलीन झाला होता आणि महाराष्ट्रातील जनता पक्षाचे नेतृत्व एस. एम. यांच्याकडे होते, परंतु सत्तेचे पद त्यांनी स्वीकारले नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर, लोकमत प्रक्षुब्ध असताना, त्यांनी नामांतराचा पुरस्कार केला. १ एप्रिल १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

४. कार्यक्रम जिंकतो, उमेदवार हरतो

१९५७ आणि १९६२ या दोन निकालांमधील अंतर समजण्यास अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडते. तेथील समाजवादी पक्षाचे नेते नॉर्मन टॉमस यांनी १९२८ ते १९४८ या काळात अध्यक्षपदासाठी ओळीने सहा वेळा निवडणूक लढविली. १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, त्यांना सुमारे ८ लाख ८४ हजार मते मिळाली. चार वर्षांनी हा आकडा १ लाख ८८ हजारांवर आला. मधल्या काळात फ्रँक्लिन रूझव्हेल्ट यांनी १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा केला. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन व बेकारी विमा या मागण्या, ज्या समाजवादी वर्षानुवर्षे मांडीत आले होते, त्या सत्तारूढ पक्षाच्या कार्यक्रमात गेल्या. मागणी मान्य झाली आणि मागणी करणाऱ्याचे मतदार पांगले. टॉमस यांना स्वतःला रूझव्हेल्टचा कार्यक्रम समाजवादी वाटत नव्हता. पण मतदाराने हा भेद केला नाही.

दोन्ही उदाहरणांत मोठे अंतर आहे, हे मान्य करावे लागेल. टॉमस कधीच निवडून आले नाहीत; एस. एम. आले. टॉमस यांचा पक्ष प्रचारासाठी उभा राहत असे, एस. एम. यांच्या मागे एका प्रदेशाची चळवळ होती. तरीही यंत्रणा एकच दिसते. तिसरा पक्ष एखादा प्रश्न पुढे आणतो. त्याला मिळणारी मते मोठ्या पक्षाला धोक्याची सूचना देतात. मोठा पक्ष तो प्रश्न आपलासा करतो. आणि तिसऱ्या पक्षाचे वेगळेपण संपते. म्हणूनच अशा उमेदवाराला मिळालेली मते त्याच्या यशाचे अपुरे माप ठरतात. कित्येकदा मते घटणे हेच त्याच्या कार्याच्या पूर्तीचे चिन्ह असते. मात्र या विचारात एक धोकाही आहे. प्रत्येक पराभवाला नैतिक विजय म्हणण्याची सवय लागली, तर पक्ष संघटनेकडे दुर्लक्ष करू लागतो. त्यासाठी, पराभव टाळता येण्याजोगा होता का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

५. उत्तर ठाण्याचा पुरावा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग उपयुक्त आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो स्वतंत्र पालघर जिल्हा झाला आहे. येथे दोन वेगळे प्रदेश शेजारी शेजारी आहेत. पश्चिमेस घिवली, तारापूर, मुरबे, सातपाटी अशी किनाऱ्यावरची गावे. तेथे मासेमारी, शेती आणि बागायत. पूर्वेस व उत्तरेस डहाणू-तलासरीचा वारली वस्तीचा डोंगरपट्टा.

किनारपट्टीला राष्ट्रीय चळवळीचा वारसा मोठा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले; त्यांत सातपाटी, नांदगाव, मुरबे येथील तरुण होते. त्या लढ्याच्या भूमिगत पर्वात देशभर समाजवादी पुढारीच आघाडीवर होते. परंतु बेचाळीसचा वारसा समाजवाद्यांचा एकट्याचा नव्हता. काँग्रेसचाही त्यावर तितकाच, किंबहुना मतदाराच्या दृष्टीने अधिक, हक्क होता. १९४८ मध्ये काँग्रेस सोडताना समाजवाद्यांनी जे भांडवल बरोबर घेतले ते अशा रीतीने सामायिक होते. सामायिक वारशातून आदर मिळतो. त्यातून वेगळे मत मिळेलच असे नाही.

डोंगरपट्ट्याची कथा निराळी आहे. १९४५ पासून गोदावरी व शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने वारल्यांना वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध संघटित केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड हुतात्मा झाला. येथे संघर्ष ठराविक जमातीचा, ठराविक गावांतील जमीनदारांशी होता, आणि त्यातून निर्माण झालेली निष्ठा दुसऱ्या कोणत्याही पक्षाशी सामायिक नव्हती. १९५७ मध्ये परुळेकर लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम निवडून आले. २०१९ आणि २०२४ मध्ये त्याच पक्षाचे विनोद निकोले यांनी डहाणूची विधानसभेची जागा जिंकली. राज्यात अन्यत्र या पक्षाचे बळ ओसरले असतानाही हा एक कोपरा टिकून आहे.

किनाऱ्यावरील मतदारवर्ग पुढे आणखी बदलला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि बाहेरून कामगार आले. घिवलीच्या आसपास ज्या जुन्या स्मृतींना १९५७ मध्ये अर्थ होता, त्या या नव्या मतदाराच्या नव्हत्या. केवळ पूर्वपुण्याईवर उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला असा बदल सर्वांत आधी जाणवतो.

समाजवाद्यांना एकवटलेला पाठिंबा कोठेच उभारता आला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राजापूर मतदारसंघात नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले; १९७१ पासून १९८९ पर्यंत मधु दंडवते यांनी ओळीने पाच वेळा ती जागा राखली. १९६२ ची काँग्रेसची सरशी आणि १९७१ ची लाट या दोन्हींत राजापूर टिकले, पुणे टिकले नाही. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर गेले. १९७२ आणि १९९५ या दोन पराभवांनंतरही ते परतले. ज्या राज्यात हे शक्य होते, तेथे पद्धतीलाच सर्वस्वी दोष देणे न्याय्य ठरत नाही.

६. समारोप

या विवेचनावरून काही अनुमाने काढता येतात. एस. एम. यांचा सर्वांत मोठा निवडणूक-विजय आघाडीच्या आधाराने मिळाला होता. आघाडी विसर्जित झाली तेव्हा त्यांच्या व्यक्तिगत प्रतिष्ठेला जागा राखता आली नाही. त्यांचा मतदारसंघ हे वाढते, बदलते शहर होते. तेथे राजापूर वा सांगोल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा बांधणे अवघड होते. शिवाय ज्यांची शक्ती मुळातच मर्यादित, त्या समाजवाद्यांनी १९५५, १९६५ आणि १९७२ मधील फुटींनी ती आणखी विभागली. साध्या मताधिक्याच्या पद्धतीत मोठ्या पक्षाला फूट एक वेळ सोसते. लहान पक्षाला ती सोसत नाही.

मग अशा उमेदवाराने उभे राहावे की राहू नये? त्याच्या उभे राहण्याने मते फुटतात आणि त्याला सर्वांत नको असलेला पक्ष निवडून येतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो उभा राहिला नाही, तर काही प्रश्न निवडणुकीच्या चर्चेत येणारच नाहीत, हेही तितकेच खरे. भाषिक राज्याचा प्रश्न सत्तारूढ पक्षाने आपण होऊन सोडविला नव्हता. १९५७ च्या मतपेटीने त्याला तो सोडविण्यास भाग पाडले. त्या मतपेटीत एस. एम. यांच्या नावावर पडलेली मते पाच वर्षांनी अन्यत्र गेली. परंतु त्या मतांनी जे राज्य घडविले ते राहिले.

पुढील संशोधनासाठी एक दिशा येथे सुचवावीशी वाटते. आपल्याकडील निवडणूक-अभ्यास बहुधा जिल्हा किंवा मतदारसंघ हे परिमाण मानून होतो. तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचे सामर्थ्य आणि मर्यादा कळण्यासाठी मतदान-केंद्राच्या पातळीवर उतरावे लागेल. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरपट्ट्यातल्या गावांची पाच-सहा निवडणुकांतील मते जेथे उपलब्ध असतील तेथे शेजारी मांडून पाहिली, तर आदर कोठे संपतो आणि निष्ठा कोठे सुरू होते हे आकड्यांतून दाखविता येईल. पालघर तालुका आणि डहाणू तालुका यांचा असा तौलनिक अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतल्यास तो उपकारक होईल.